एन्कम्पस वापरताना या चुका टाळा

वावरातली कामं आटोपली की संध्याकाळी भरतीची तयारी करणारी पाच-सहा पोरंपोरी माझ्याकडे इंग्रजीला बसतात, आणि गेल्या महिन्याभरात लाल पेनानं मी सगळ्यात जास्त खोडलेला शब्द म्हणजे एन्कम्पस. शब्द लय कामाचा आहे, पण मोबाईलच्या डिक्शनरीत 'घेरणे, वेढणे' असं दिसलं की पोरं तिथंच थांबतात, खालचा दुसरा अर्थ वाचतच नाहीत.

मग एका पोराच्या वहीत येतं, 'वी एन्कम्पस्ड अवर फील्ड विथ वायर.' त्याला सांगायचं होतं की रानडुकरं पऱ्हाटीत घुसतात म्हणून वावराला तारेचं कुंपण केलं. इथं हा शब्द नाही चालत भाऊ, सरळ 'वी फेन्स्ड अवर फील्ड' लिहा. पोलिसांनी चोराला घेरलं तर 'सराउंडेड'. वेढण्याचा अर्थ खोटा नाही, पण आजच्या साध्या लिहिण्यात तो कमी दिसतो. लोणारच्या सरोवराला विवराची कडा चारी बाजूंनी वेढून आहे ना, तिथंही 'सराउंडेड बाय'च बरं वाटतं.

आज जास्त चालतो तो अर्थ म्हणजे एका मोठ्या गोष्टीच्या पोटात बऱ्याच गोष्टी येणं. तीन गावांची मिळून एक गटग्रामपंचायत असते, तर 'द ग्रुप ग्रामपंचायत एन्कम्पसेस थ्री व्हिलेजेस.' ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात 1955 चं ताडोबा राष्ट्रीय उद्यान येतं आणि 1986 चं अंधारी अभयारण्यही येतं, म्हणून 'द टायगर रिझर्व्ह एन्कम्पसेस अ नॅशनल पार्क अँड अ सँक्च्युअरी.'

सगळ्यात मोठी चूक इथंच होते, वाक्य उलटं पडतं. एका पोरीनं लिहिलं, 'एलेव्हन डिस्ट्रिक्ट्स एन्कम्पस विदर्भ.' आपल्या डोक्यात '11 जिल्हे विदर्भात येतात' असं असते, त्यात जिल्हे पहिले, म्हणून इंग्रजीतही तेच पहिले लिहिले जातात. मी खडूला सुतळी बांधली, तिला सुतळीचं दुसरं टोक फळ्यावर दाबून धरायला लावलं आणि गोल फिरवला, आत बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत 11 नावं लिहिली आणि विचारलं, हा गोल कोणाचा? विदर्भाचा म्हणाली. मग पहिला विदर्भ: 'विदर्भ एन्कम्पसेस एलेव्हन डिस्ट्रिक्ट्स.' शब्दातच कंपास बसलेला आहे पहा, गोल ज्याचा त्याचं नाव आधी, आतलं सगळं नंतर.

दुसरी चूक 'ऑफ'ची. 'कन्सिस्ट्स ऑफ' पाठ असते म्हणून 'एन्कम्पसेस ऑफ' लिहून टाकतात, पण याच्यामागं ऑफ, इन काहीच लागत नाही. 'इज एन्कम्पसिंग' हेही नको, मराठीत 'येत आहे' म्हणतो म्हणून तसं सुचते, पण ही काही चालू असलेली क्रिया नाही, कायमची स्थिती आहे, साधा वर्तमानकाळच ठेवा. 'ऑल-एन्कम्पसिंग' मात्र बरोबर आहे, ते विशेषण आहे, सर्वव्यापी अशा अर्थाचं.

आणि लहान गोष्टीला हा शब्द लावू नका. डब्यात भाकर न ठेचा आहे तर 'कन्टेन्स' म्हणा. यादीतली दोन-चार नावंच सांगायची असतील तर 'इन्क्लूड्स'. एन्कम्पसला आवाका लागतो, एखादा विषय, योजना, मोठा इलाका, बऱ्याच वर्षांचा काळ.

स्पेलिंगमध्ये शेवटी दोन एस, एक खाल्ला की मार्क गेला. म्हणताना जोर 'कम'वर द्या, इन-कम-पस.

आता ज्याच्यामुळं हे लिहायला बसलो ते. एका पोराचा नोकरीचा अर्ज मी पाठवायच्या आधी पाहिला, खाली सुवाच्य अक्षरात, 'माय मार्कशीट्स आर एन्कम्पस्ड.' सोबत जोडलेल्या कागदांसाठी शब्द 'एन्क्लोज्ड' आहे, दोन्ही 'एन'नं सुरू होतात म्हणून गफलत होते. रात्री साडेनऊला त्यानं कोरा कागद घेतला, अख्खा अर्ज पुन्हा उतरवला आणि त्या ओळीवर आला तेव्हा अक्षर न अक्षर मोठ्यानं म्हणत लिहिलं, 'माय मार्कशीट्स आर एन्क्लोज्ड.'