भाऊबीज ते एकादशी: पाच दिवसांच्या साध्या जेवणाची तयारी

भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला आणि कार्तिकी एकादशी नऊ दिवसांनी. मधले आठेक दिवस पंचांगानेच मोकळे ठेवल्यासारखे असतात. एकादशी झाली की तुळशीची लग्नं लागतात, त्यापाठोपाठ खरी लग्नं सुरू होतात आणि पुन्हा पंगती. म्हणून फराळाने जड झालेल्या पोटाला आराम द्यायचा तो याच दिवसांत. त्यातले सलग पाच दिवस निवडा आणि आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. भाऊबीजेचे राहिलेले पाहुणे कधी येणार, कुणाचा वाढदिवस आहे का, हे घरात विचारूनच खूण करायची. मधे आवळी नवमी येते. आवळीखालचं जेवण ठरलं असेल तर त्याला जरूर जा आणि पाच दिवस त्याच्या अलीकडे धरा.

खूण करण्याआधी हे पाच दिवस काय देणार आणि काय नाही देणार, ते घरातल्या सगळ्यांशी बोलून घ्या. दिवाळीनंतर काटा दीड-दोन किलो वर गेलेला दिसतो. त्यातला बराचसा भाग पाण्याचा असतो. चिवडा, चकली, शेव यांतल्या मिठाने अंगात पाणी धरून राहतं. गोडाची आणि पिठाची जी साखर शरीर साठवून ठेवतं, तिच्या एका ग्रॅममागेही सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. साधं जेवण सुरू झालं की हे पाणी दोन-तीन दिवसांत उतरतं, अंगठी सैल होते, चेहऱ्यावरची सूज जाते. चरबीचा हिशेब वेगळा आहे. एक किलो चरबी म्हणजे जवळजवळ 7,700 कॅलरी. रोज तीनशे कॅलरी कमी खाल्ल्या तरी पाच दिवसांत जेमतेम दोनशे ग्रॅम चरबी कमी होईल. तेव्हा वजन पहिल्या दिवशी सकाळी एकदा आणि संपल्यावर एकदा, एवढंच बघा. या पाच दिवसांत खरोखर मिळतं ते दुसरंच: रात्रीची जळजळ थांबते, झोप लागते, सकाळी पोट साफ होतं आणि चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकायची सवय सुटते. ‘डिटॉक्स’च्या नावाने विकले जाणारे रस आणि पावडरी यासाठी अजिबात नकोत. शरीरातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं बारा महिने करतातच.

ही यादी कुणासाठी नाही, तेही आधी ठरवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना डाळी, कडधान्यं आणि फळं किती चालतात ते त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, तेच पाळायचं. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मुलं यांनी साधं जेवण जरूर जेवावं, पण पोटभर, आणि त्यांचं दूध-तूप कमी करू नये. पोटाला चिमटा घेऊन राहणं हा या पाच दिवसांचा हेतूच नाही. ताटात वरण, भाजी, कोशिंबीर, भाकरी सगळं असेल. नसेल फक्त तळण, मैदा आणि वरून घातलेली साखर.

आता डबे. स्वयंपाकघरात फराळाचे डबे हाताशी असतील तर कुणाचाही निश्चय टिकत नाही, म्हणून योजना सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सगळे डबे खाली काढा आणि एकेक उघडून बघा. ओल्या नारळाच्या करंज्या, नारळाच्या वड्या आणि खव्याचं जे काही असेल ते फ्रिजमध्येही फार टिकत नाही. ते आधी द्या किंवा त्याच दिवशी संपवा. वास किंवा चव बदलली असेल तर टाकून द्या. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, चिवडा, चकल्या कोरड्या डब्यात घट्ट झाकणाने राहतात. त्यातला घरापुरता एक डबा वरच्या फळीवर ठेवा आणि बाकीचे पुडे बांधा: इमारतीच्या राखणदाराला, घरी कामाला येणाऱ्या ताईंना, वसतिगृहात परत निघालेल्या भाच्याला. पण देताना ताजं, चांगलं द्या. खवट झालेली चकली कुणालाच देऊ नये.

तळणीचं उरलेलं तेल हा याच कामाचा भाग आहे आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. कढईतलं तेल गाळून बरणीत भरून ठेवायचं आणि मग महिनाभर त्यात पुन्हा पुन्हा तळायचं, असं पुष्कळ घरांत चालतं. तसं करू नका. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक घटक वाढत जातात. म्हणूनच 2018 पासून आपल्याकडे असे घटक (शास्त्रीय भाषेत ‘ध्रुवीय घटक’) 25 टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरायला बंदी आहे. घरात ते मोजता येत नाही. पण तेल काळपट, चिकट झालं असेल, तापवताच धूर किंवा फेस येत असेल, तर ते टाकायचंच. मोरीत ओतलं तर नळी तुंबते, म्हणून बाटलीत भरून, झाकण लावून कचऱ्यात द्या. एकदाच तळलेलं, स्वच्छ तेल असेल तर गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. नव्या तेलात ते मिसळू नका.

मग पाच दिवसांचं तेल वेगळं काढा. माणशी रोज चहाचे चार चमचे, म्हणजे सुमारे 20 मिलिलिटर धरले तर चौघांना पाच दिवसांत 400 मिलिलिटर लागतं. तेवढं एका बाटलीत भरा आणि तीच बाटली गॅसजवळ ठेवा. मोठी कॅन आत ठेवून द्या. मला या यादीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच वाटते, कारण फोडणीला पळीने तेल घालणाऱ्या हाताला दुसऱ्याच दिवशी बाटली किती खाली गेली ते दिसतं. साखरेचंही तसंच. दिवसाचे चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे जवळजवळ 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर साधारण 50 ग्रॅमच्या आत आणि जमल्यास 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. चहा दोनदाच घ्या आणि कपात एकच चमचा घाला. चहा अजिबात बंद करू नका. डोकं दुखायला लागलं की पहिला राग या योजनेवर निघतो. मिठासाठी सोपा उपाय: पाच दिवस पापड आणि लोणचं ताटाबाहेर. ज्यांना लोणच्याशिवाय घास उतरत नाही त्यांना लिंबाची फोड द्या.

बाजाराची पिशवी घेण्याआधी एक विचारा: घरात चातुर्मास पाळतात का? पाळत असतील तर एकादशीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगं नाही. सगळा बेत हिंग, जिरं, आलं आणि खोबऱ्याच्या वाटणावर बांधायचा. त्याने चव कमी होत नाही. मटकीच्या उसळीला जिरं-खोबऱ्याचं वाटण आणि दोन आमसुलं पुरतात. चौघांच्या पाच दिवसांसाठी ज्वारीचं पीठ अडीच किलो लागेल. ते आत्ता गिरणीतून दळून आणा, महिन्याभराचं पडलेलं नको. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते, आणि चिरलेल्या भाकरीवर कंटाळून घर पुन्हा पोळीवर येतं. या दिवसांत नवी बाजरीही येते, थंडी पडली असेल तर निम्मी तीच घ्या. मटकी आणि हिरवे मूग पाव-पाव किलो, मुगाची डाळ अर्धा किलो, कुळथाचं पीठ पाव किलो, नाचणीचं पीठ अर्धा किलो. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पन्नाशीपुढच्या बायकांनी तिला नाश्त्यात कायमची जागा द्यावी. भाज्यांत मेथीच्या दोन जुड्या, पाल्यासकट मुळा, दुधी, दोडका, लाल भोपळा. कोशिंबिरीला काकडी आणि गाजर. आलं, लिंबं, कोथिंबीर, आणि पेरू भरपूर. रोजच्या ताकाला अर्धा लिटर दुधाचं दही आदल्या रात्रीच विरजायचं.

आता भिजवायचं वेळापत्रक, कारण कडधान्याचा बेत सकाळी उठून ठरवता येत नाही. सोमवारी सुरुवात असेल तर मटकी शनिवारी रात्री निवडून भिजत घाला. रविवारी सकाळी पाणी निथळून ओल्या सुती फडक्यात गच्च बांधा आणि पुरचुंडी पातेल्यात झाकून ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवा. मुंबईच्या दमट हवेत संध्याकाळीच कोंब दिसतात. पुणे-नाशिककडे गारठा पडला असेल तर सोमवारची सकाळ उजाडते. मधे एकदा फडक्यावर पाण्याचा हबका मारा. पुरचुंडी सोडल्यावर ओलसर, हिरवट वास आला तर मटकी उत्तम. आंबूस वास आणि बोटाला बुळबुळीत लागली तर ती घेऊ नका. मोड आलेलं कडधान्य कच्चं खायचा आग्रह नको, विशेषतः आठवडाभर तळण खाल्लेल्या पोटाला. वाफवा नाहीतर उसळ करा, पोटातला गॅसही कमी होतो. मूग सोमवारी रात्री भिजत घाला, मंगळवारी सकाळी आलं-मिरची-जिरं घालून वाटा आणि धिरडी घाला. नाचणीचं पीठ ज्या सकाळी आंबील हवी तिच्या आदल्या रात्री पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवून, निवल्यावर ताक घालायचं.

दुपारचं जेवण मग आपोआप बसतं: भाकरी, एक उसळ किंवा पालेभाजी, कोशिंबीर, ताक. सोमवारी मटकी, मंगळवारी मुगाची डाळ घालून मेथी, बुधवारी उरलेल्या मुगांची उसळ, गुरुवारी पाला घालून मुळ्याची भाजी आणि वरण, शुक्रवारी भोपळ्याची भाजी. डबा नेणाऱ्यांनी कोशिंबिरीत मीठ ऑफिसात घालावं, आधी घातलं की पाणी सुटतं. रात्रीचं जेवण साडेसात-आठला आणि हलकं: मुगाची खिचडी नि कढी, कुळथाचं पिठलं आणि भात, मेतकूट-भात वर चमचाभर तूप, दुधीची भाजी आणि भाकरी. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज घरोघरी आहेच, तिच्यापेक्षा पोटाला निवांत काही नाही. मासे खाणाऱ्यांनी कालवण करावं, तळलेली तुकडी पाच दिवस राहू द्यावी. नाश्त्याचं फार नटवू नका: धिरडं, आंबील, भाज्या घातलेला उपमा, एखाद्या दिवशी कमी तेलाचे पोहे.

खरी कसोटी संध्याकाळी पाचची. दुपारचं जेवण उतरलेलं असतं, रात्रीचं लांब असतं, आणि हात वर्षानुवर्षांच्या सवयीने चिवड्याच्या डब्याकडे जातो. भूक खरी असते, तिला नुसतं ‘नाही’ सांगून भागत नाही. तिच्यासाठी काहीतरी तयार हवं, आणि तेही डोळ्यांसमोर. म्हणून फराळाचे डबे जिथे होते त्याच जागी एका बरणीत भाजलेले चणे आणि मूठभर शेंगदाणे मिसळून ठेवा, शेजारी धुतलेल्या पेरूंची परडी. पेरू बियांसकट खा, पोट साफ व्हायला तो फार मदत करतो. एक वाटी चणे किंवा एक पेरू, त्यावर ग्लासभर पाणी, आणि तरीही भूक असेल तर ताक. भाकरी, उसळी, फळं यांनी चोथा एकदम वाढतो, त्याला पाणी पुरेसं लागतं. नाहीतर उलट पोट धरतं.

कुणी फराळाला बोलावलं तर? जा. सुरुवात करण्याआधीच घरच्यांशी ठरवून ठेवा की दुसऱ्याच्या घरी वाढलेला एक लाडू आनंदाने खायचा आणि परत येऊन तो दिवस बुडाला असं म्हणायचं नाही. वाढणाऱ्या काकूंना पथ्य सांगत बसू नका, बशीत थोडंच घ्या. आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसासाठी एकच बेत ठेवा. मुलांना वेगळं, आजोबांना वेगळं, ‘डाएट’वाल्याला वेगळं असं झालं की दुसऱ्या दिवशी घर थकतं. दिवाळीत जिने आठवडाभर कढईपुढे उभं राहून तळलं, तिच्या वाट्याला आता भाजी निवडणं, मटकी बांधणं, ताक घुसळणं येऊ नये. ही तीन कामं कोण करणार ते नावानिशी कॅलेंडरच्या खुणेशेजारी लिहा.

एवढं झालं की एकच काम राहतं, एकादशीचं. पाच दिवस सांभाळून सहाव्या-सातव्या दिवशी तुपात निथळणारी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे पापड, असा उपवास दरवर्षी होतो. दशमीच्या बाजारातच रताळी आणि बंद पाकिटातली, तारीख बघून घेतलेली भगर आणा. भगर निवडून, धुऊन घ्या. भगरीचा भात, दाण्याची आमटी, उकडलेलं रताळं आणि काकडीची कोशिंबीर एवढ्यात चौघांचा उपवास पोटभर होतो. साबुदाणा हवाच असेल तर वाटीभरच भिजवा, आणि तोही सगळ्यांत मिळून.