ट्रायपॉड खाली घेतला, आता गुडघे कुठे ठेवू?

व्हीलचेअरवरून ४×५ (चार बाय पाच इंची सुट्या फिल्मवरची मोठ्या कॅमेऱ्याची फोटोग्राफी) करायचंय म्हटलं की पुण्यात दोन सल्ले हमखास मिळतात. ‘ट्रायपॉड खाली घ्या, झालं’ हा एक, आणि ‘बरोबर एखादा मुलगा ठेवा’ हा दुसरा. पहिल्यानं माझं पहिलं वर्ष खाल्लं, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आपली नजर जमिनीपासून साधारण ११५ सेंटिमीटरवर. ग्राउंड ग्लास (कॅमेऱ्यामागची धूसर काच, तिच्यावर उलटं चित्र बघून फोकस करतात) तिथं आणायची तर ट्रायपॉडचा माथा नव्वदच्या आसपास येतो. पाय किती फाकवायचे ते ठरवणाऱ्या खाचांपैकी नेहमीच्या पहिल्या खाचेवर असतील, तर माथ्याखाली तीस सेंटिमीटरवर, म्हणजे नेमकं आपल्या गुडघ्यांपाशी, दोन पायांमधली जागा वीतभरच उरते. तिथं गुडघे शिरत नाहीत. मग कॅमेरा हातभर लांब राहतो, आपण काळ्या कापडात वाकून घुसतो, फूटरेस्ट ट्रायपॉडला टेकतो आणि मन लावून केलेला फोकस फिल्मचा होल्डर घालेपर्यंत गेलेला असतो. निगेटिव्ह धुतल्यावरच कळतं. मग दोष लेन्सला, फिल्मला, स्वतःच्या हातांना!

उपाय असा. तिन्ही पाय स्वतंत्रपणे फाकणारा ट्रायपॉड घ्या. आपल्याकडचे दोन पाय दुसऱ्या खाचेवर फाकवून लांब करा, तिसरा लेन्सच्या दिशेला पहिल्याच खाचेवर. आता गुडघ्यांपाशी पन्नासेक सेंटिमीटर मिळतात, खुर्ची आत जाते. मधल्या खांबाला पिशवी टांगा. खुर्चीचा कुठलाही भाग ट्रायपॉडला लागता कामा नये, बोटभर फट हवीच. आपण श्वास घेतला तरी खुर्ची हलते.

आत गेल्यावर खुर्ची किंचित मागे घ्या. पुढची छोटी चाकं फिरून पुढे येतात आणि वाकताना खुर्ची पुढे कलंडण्याचा धोका कमी होतो. ही चाकं फिरताना ट्रायपॉडच्या पायाला धडकू शकतात, म्हणून हे फोकसच्या आधी, नंतर कधीच नाही. मग ब्रेक. टायरमध्ये हवा कमी असेल तर ब्रेक नुसता लावलेला दिसतो, धरत नाही. निघण्यापूर्वी हवा बघा. लेन्स पुसायला विसरलात तर चालेल.

एका गोष्टीची मात्र उगाच भीती घालतात: खालून काढलं की इमारती पडल्यासारख्या दिसतात. त्या कॅमेरा वर वळवल्यामुळे पडतात, उंचीमुळे नव्हे. कॅमेऱ्याची मागची पाटी ओळंब्यात ठेवा आणि लेन्स वर सरकवा, यालाच राइज म्हणतात. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून वीस मीटरवर १५० एमएम लेन्स लावली, तर उभ्या माणसापेक्षा आपल्याला राइज जास्त लागतो तो फक्त तीन एमएम. साधारण २१० एमएमचं प्रतिमेचं वर्तुळ देणाऱ्या लेन्सला आडव्या फ्रेममध्ये पस्तीसेक एमएम सहज जमतो. (पुरातत्त्व खात्याचं स्मारक आहे, ट्रायपॉडला आधी परवानगी काढा.) खरा तोटा वेगळाच. विश्रामबागवाड्याचं कोरीव लाकूडकाम टिपायला जा, समोर लावलेल्या गाड्यांचे आरसे नेमके आपल्या लेन्सच्या उंचीवर. त्याला राइजचा इलाज नाही. सकाळी लवकर जा.

लेन्सवरच्या शटरपर्यंत हात पोचतो, पण त्याचे आकडे दिसत नाहीत. मोबाइल लेन्सपुढे धरून सेल्फी कॅमेऱ्यानं आकड्यांचा फोटो काढा, नोंदही आपोआप राहते. लांब केबल रिलीज (शटर दाबायची तार) हवीच. सुरुवातीला ३०० एमएमच्या नादाला लागू नका, बेलोज (लेन्स आणि मागची पाटी जोडणारा भाता) एवढी बाहेर जाते की शटर हाताबाहेर जातं. आणि शक्यतो आडवीच फ्रेम. उभ्या फ्रेमला डार्क स्लाइड (होल्डरमधल्या फिल्मवरचं झाकण) वरून ओढावी लागते, खांदा तिथं पोचत नाही आणि ओढताना कॅमेरा हलतो. होल्डर सरकवताना दुसऱ्या हातानं कॅमेरा धरून ठेवा.

फिल्म भरण्यात उलट आपलीच मजा. मांडीवर फळी, फळीवर चेंजिंग बॅग (हात घालून फिल्म भरायची अंधारी पिशवी). उभे राहणारे त्यासाठी टेबल शोधत फिरतात.

आता तो बरोबरचा मुलगा. ठेवा, जरूर ठेवा. पायऱ्या आहेत, रिक्षावाल्याला थांबवायचं असतं, पिशवी जड असते. पण काळ्या कापडाखाली त्याला डोकावू देऊ नका. एका कार्यशाळेत शिकवणाऱ्यानं मला ‘तुम्ही फक्त फ्रेम सांगा, फोकस आम्ही करतो’ म्हटलं. सभ्य माणूस, हेतूही चांगला. पण असं शिकलात तर पाच वर्षांनीही फ्रेमच सांगत बसाल. कुणी शिकवणारा निवडायचा तर आधी त्याला स्टुलावर बसवून कॅमेरा लावायला सांगा. हसला तर पुढे चला. गुडघे कुठे ठेवायचे हे शोधायला लागला, तर फी भरा.

दोन-तीन महिने सगळं अंगावर येईल, पाठ दुखेल. तेवढ्या काळात फिल्म न घालता नुसता कॅमेरा लावायचा-काढायचा सराव घरच्या पार्किंगमध्ये करा. वॉचमन विचारेल काय चाललंय. त्याला एकदा कापडाखाली उलटी सोसायटी दाखवा, पुढे तोच गाड्या बाजूला काढून देतो.