सेलवर चालणारा आकाशकंदील: सहा एलईडींची जोडणी

साहित्य: ५ मिमीचे पांढरे एलईडी ६, २२० ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर ६, पेन्सिल सेल ४, ते एकापाठोपाठ बसणारा होल्डर, छोटा स्विच, लाल-काळी वायर. ही जोडणी फक्त सेलसाठी आहे, घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगला ती लावायची नाही.

आधी हिशेब. दीड व्होल्टचे चार सेल म्हणजे ६ व्होल्ट. पांढरा एलईडी पेटताना त्यातले साधारण ३ घेतो, उरलेले ३ रेझिस्टरवर पडतात. ३ भागिले २२० म्हणजे जवळजवळ १४ मिलीअँपिअर. अशा एलईडीची मर्यादा बहुधा २० असते, त्यामुळे हा प्रवाह सुरक्षित. रेझिस्टर वगळला तर व्होल्टेज जरासं वाढलं तरी प्रवाह भसकन वाढतो आणि एलईडी जळतो. लाल एलईडीला दोनच व्होल्ट पुरतात, म्हणून त्याला ३३० ओहम लावा.

दोन पांढरे एलईडी एकापुढे एक लावले तर सगळे ६ व्होल्ट तेच खातात. सेल थोडे उतरले की दोघेही मिणमिणतात. म्हणून सहाही समांतर लावा, म्हणजे प्रत्येक एलईडी स्वतंत्रपणे लाल आणि काळ्या वायरीमध्ये जोडा, आणि प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर द्या. सहा जणांत मिळून एकच रेझिस्टर घालून पैसे वाचवायचा मोह टाळा: कोणतेही दोन एलईडी अगदी सारखे नसतात, ज्याला कमी व्होल्टेज लागतं तो जास्त प्रवाह ओढतो आणि बाकीचे फिके पडतात.

एलईडीचा लांब पाय अधिक. पाय कापलेले असतील तर कडेची सपाट बाजू पाहा, ती उणे. लांब पायाला रेझिस्टर सोल्डर करा (रेझिस्टरला उलटसुलट नसते), दुसरं टोक लाल वायरीला, आखूड पाय काळ्या वायरीला. स्विच लाल वायरीत, होल्डरच्या लगेच पुढे. उघड्या सांध्यांवर स्लीव्ह (वायरीवर चढवायची प्लास्टिकची बारीक नळी) चढवा. कंदील वाऱ्यात हलतो, आणि लाल-काळी एकमेकींना टेकल्या की शॉर्ट होऊन सेल तापतात.

एकच एलईडी बंद असेल तर तो बहुधा उलटा लागलाय. फिरवून लावा, बहुतेक वेळा तो शाबूत असतो. सगळेच बंद असतील तर होल्डरमध्ये एखादा सेल उलटा आहे का पाहा. एखादा पेटतो पण अगदीच मंद? रेझिस्टरचे पट्टे उजेडात वाचा. २२० ओहमचे लाल, लाल, तपकिरी. लाल, लाल, लाल असेल तर तो २२०० ओहमचा, आणि त्यातून जेमतेम दीड मिलीअँपिअर जातो. पिवळ्या बल्बखाली तपकिरी आणि लाल सारखेच दिसतात. शंका असली तर रेझिस्टर सुटा असतानाच मल्टिमीटरने मोजा.

सहा एलईडी मिळून ८० मिलीअँपिअरच्या आसपास घेतात. सेल प्रत्येकी १.२ व्होल्टवर आले की एकेका एलईडीचा प्रवाह ८ मिलीअँपिअरवर येतो, उजेड कमी झालेला डोळ्यांना कळतो. तेव्हा चारही सेल एकदम बदला. जुन्यात एखादाच नवा घातला तर जुना सेल पार उतरून गळायला लागतो.