निवडणूक निधीसाठी दुसऱ्याची कला वापरताना

कर्नाटकाच्या सीमाभागातील बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी उमेदवारासाठी लोकवर्गणी काढण्याची रीत जुनी आहे आणि ती टिकावी, असे मला मनापासून वाटते. अलीकडे मात्र पावती पुस्तकाबरोबर एखादे चित्र, कॅलेंडर, टी-शर्ट किंवा ध्वनिमुद्रित गाणेही फिरू लागते. पुष्कळदा देणाऱ्याचा हात त्या चित्रामुळेच खिशाकडे जातो. म्हणून चित्र कोणाचे आणि पैसे कोणाच्या हाती जाणार, हे दोन्ही प्रश्न छपाईपूर्वीच सोडवावेत.

पहिले काम मूळ निर्माता शोधण्याचे. सीमाभागातील मराठी भाषक निषेध म्हणून काढतात त्या १ नोव्हेंबरच्या मूक सायकल फेरीचे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या दहा गटांतून फिरत आपल्यापर्यंत आले, म्हणून ते सर्वांचे होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा पहिला हक्क सामान्यतः ते टिपणाऱ्याचा असतो. कोणी मोबदला देऊन ते काढून घेतले असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर तो हक्क मोबदला देणाऱ्याचा ठरतो. चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो, त्यामुळे चित्रकार हयात नसेल तर त्याच्या वारसांकडे जावे लागते. चौकात कायमस्वरूपी उभारलेला पुतळा आपण स्वतः रेखाटला किंवा टिपला तर कायदा आड येत नाही, पण त्याच पुतळ्याचे दुसऱ्याने टिपलेले छायाचित्र उचलले तर येतो. रंग बदलले किंवा चेहऱ्यामागे भगवी पार्श्वभूमी लावली, एवढ्याने मालकी बदलत नाही.

२००८ च्या अमेरिकी निवडणुकीत बराक ओबामा यांचे लाल-निळ्या रंगांतील चित्र जगभर गाजले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी दुसऱ्या छायाचित्रकाराने २००६ मध्ये टिपलेल्या एका छायाचित्रावरून शेपर्ड फेअरी या चित्रकाराने ते केले होते. उसनवारीचा मूळ वाद २०११ मध्ये तडजोडीने मिटला. परंतु आपण कोणते छायाचित्र वापरले याविषयी फेअरी यांनी न्यायालयात खोटी माहिती दिली होती आणि पुरावे नष्ट केले होते. त्याबद्दल २०१२ मध्ये त्यांना २५,००० डॉलर दंड आणि ३०० तास समाजसेवेची शिक्षा झाली. तिथला कायदा आपल्यापेक्षा वेगळा आहे, तरी कोणत्या चित्रावरून काय केले याची नोंद पहिल्या दिवसापासून खरी ठेवावी, एवढे त्या प्रकरणातून नक्कीच घ्यावे.

परवानगी मागताना हेतू लपवू नये. आमच्या परिचयातील एका छायाचित्रकाराने आपले छायाचित्र एका मंडळाला शिवजयंतीच्या चित्ररथासाठी आनंदाने दिले होते. पुढे तेच एका उमेदवाराच्या निधी-कुपनावर छापलेले पाहून तो फार दुखावला. कार्यकर्त्यांना वाटले, एकदा दिले म्हणजे दिले. पण उत्सवासाठी दिलेला होकार प्रचारासाठी चालत नाही. प्रचारात कलाकाराचे नाव एका बाजूला बांधले जाते आणि त्याचे परिणाम त्याच्या दुकानावर, नोकरीवर, घरावर होतात. म्हणून परवानगी लेखीच घ्यावी आणि तीत उमेदवार, निवडणूक, प्रतींची संख्या, मुदत, मोबदला व कलाकाराचे नाव कुठे छापणार, हे सारे नमूद असावे. कलाकाराने नाव न छापण्याची इच्छा सांगितली, तर तीही पाळावी.

सीमाभागात याहून नाजूक बाब गाण्यांची आहे. जात्यावरची ओवी किंवा यल्लम्माच्या जत्रेतले चौंडक्यावरचे पद परंपरेचे असेल, तर ते शब्द कोणाच्या खासगी मालकीचे नसतात. परंतु ते विशिष्ट गायिकेने गाऊन दिलेले असेल, तर त्या गायनावर तिचा कलाकार म्हणून हक्क असतो आणि तो ५० वर्षे टिकतो. गायिका कन्नडभाषक असेल, तर करार कन्नडमध्ये वाचून दाखवावा आणि तो मराठी उमेदवाराच्या निधीसाठी आहे, हे तिच्या तोंडावर स्पष्ट सांगावे. तिने नकार दिला तर तो शांतपणे स्वीकारावा. ज्या शेजाऱ्यांकडून आपल्या भाषेचा मान राखला जावा अशी आपण मागणी करतो, त्यांच्याच स्वराचा न विचारता वापर करणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

पैशाच्या बाजूला देणाऱ्याला न्याय द्यायचा असतो. उमेदवाराने निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. वर्गणी त्या खात्यातूनच फिरवावी. अपक्ष उमेदवाराला दिलेल्या देणगीवर आयकर सवलत मिळत नाही, ती नोंदणीकृत पक्षाला रोखीखेरीज अन्य मार्गाने दिलेल्या देणगीला मिळते. तेव्हा उत्साहाच्या भरात तसे आश्वासन कोणी देऊ नये. परदेशातील भारतीय नातेवाइकांनी मदत देऊ केल्यास आधी नियम तपासावेत, कारण उमेदवाराला परदेशी स्रोताकडून पैसे घेण्यास बंदी आहे. चित्राची प्रत १०० रुपयांना विकायची असेल, तर छपाईचे किती, चित्रकाराचे किती आणि निधीत किती, हे कुपनावरच लिहावे. चित्रकाराने मोबदला सोडला, तरी त्याच्या कामाची वाजवी किंमत उमेदवाराच्या हिशोबात धरावी.

छापखान्यात जाताना दोन गोष्टी विसरू नयेत. निवडणुकीच्या पत्रकावर व पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते छापणे लोकप्रतिनिधित्व कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय चाहत्यांनी परस्पर जाहिरातीवर खर्च करणे हा गुन्हा ठरतो, त्यामुळे असे पत्र आधी हातात घ्यावे.

मतदान झाल्यावर उरलेल्या प्रती विकत राहू नयेत. त्या मोजून कलाकाराला कळवाव्यात, मूळ फाइल परत करावी किंवा त्याच्यासमोर पुसावी आणि शिल्लक रकमेचे काय करायचे, हे वर्गणी काढण्यापूर्वीच ठरवून कुपनाच्या मागे छापलेले असावे.