मेडिकलवर ‘ती’ गोळी मागताना

अमळनेरला बसस्टँडजवळ माझं मेडिकल आहे. पारोळ्या-चोपड्याच्या बसमधून मुली येतात, कारण गावातला मेडिकलवाला नेमका वडिलांच्या बसण्या-उठण्यातला असतो. आधी क्रोसिन मागतात, मग पॅड. काउंटर रिकामं झालं की हळूच, “ताई, ती गोयी शे का?” ‘ती’ म्हणजे निरोधशिवाय संबंध आल्यावर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी.

मला कळतं, पण सगळीकडे कळेलच असं नाही. आमच्याकडे कानबाईच्या सणाचे रोट आले, लग्नसराई आली की पाळी पुढे ढकलायची गोळी धडाधड खपते. तू मान खाली घालून ‘पाळीची गोळी’ म्हणालीस तर तीच हातात पडेल, आणि तिचा इथे काही उपयोग नाही. म्हणून तोंडाने बोलूच नकोस. मोबाईलवर ‘लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम’ लिही आणि स्क्रीन समोर धर. नुसतं ‘आय-पिल’ लिहिलंस तरी चालेल. २००५ पासून या गोळीला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. “कोणासाठी?” असं कोणी विचारलंच तर “बिल द्या” म्हणायचं. लग्न झालंय का, हे विचारायचा त्याला हक्क नाही.

दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरू नसतं. पण रात्रीचं काही असेल तर दुपारची वाट बघू नकोस, सकाळीच ये. संबंधानंतर मुदत ७२ तासांची असली तरी जितका उशीर तितका गुण कमी. आणि पाकीट दप्तरात दडवून घरी नेण्यापेक्षा बाहेर पडताच पाण्याबरोबर गिळून टाक. दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी लागते. टीबी किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर आधी सांग, काही औषधांनी हिचा असर कमी होतो. पाळी थोडी मागेपुढे होईल, घाबरू नकोस. आठवडाभर उशीर झाला तर मात्र लघवीची टेस्ट कर.

आज घेतलेली ही गोळी पुढच्या वेळच्या संबंधाला कामाची नाही. त्यासाठी निरोध, आणि तो मुलीनेही मागावा. एक्स्पायरी बघून घे, आणि जळगावच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नकोस. सरकारी दवाखान्यात निरोध आणि माला-एन, छाया या गर्भ न राहण्याच्या गोळ्या फुकट मिळतात. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. विसरभोळ्या पोरींनी गर्भ न राहण्याच्या, तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शनचं विचारावं.

टेस्टमध्ये दोन रेघा आल्या तर माझ्याकडे गर्भपाताची किट मागू नकोस, कितीही रडलीस तरी चिठ्ठीशिवाय देणार नाही. दवाखान्यात जा. अठरा पूर्ण असतील तर लग्न झालेलं नसलं तरी तुझी एकटीची सही पुरते, आणि तुझं नाव बाहेर न फोडणं डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे.