सरकारी नोकरी सांभाळून संग्रहालयात काम करताय? या चुका टाळा

महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी मला गाठतंच. नोकरी लागून दोन-तीन वर्षं झालेली, आवक-जावकला विटलेलं आणि पुण्याच्या केळकर संग्रहालयातले दिवे-अडकित्ते पाहून भारावलेलं. "मॅडम, मला म्युझियममध्ये करिअर करायचंय. तुम्ही कसं जमवलंत?" मी अजून सरकारी खुर्चीतच आहे. शनिवार-रविवारी एका लहान संग्रहालयाच्या नोंदवह्या लिहिते, एवढंच जमवलंय. विचारणारे मात्र त्याच त्या चुका करतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

"साहेब हो म्हणालेत"

ही चूक माझीच. सुरुवातीला साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "करा की, चांगलंच आहे." मी तीच परवानगी समजले. पुढे आठ महिने दर रविवारी पेठांमधून हेरिटेज वॉक घेतले. आयोजक प्रत्येक वेळी हातावर पाकीट ठेवायचे, दीड हजार रुपयांचं. एका रविवारी पेपरात फोटो आला, खाली माझं नाव आणि "शासकीय कर्मचारी". तोवर साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांच्या टेबलावर ते कात्रण होतं आणि माझ्या टेबलावर सात दिवसांत खुलासा मागणारं पत्र.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मी त्या रात्री पहिल्यांदा वाचले. लोक सांगतात तेवढे ते जाचक नाहीत. पूर्वमंजुरीशिवाय दुसरी नोकरी किंवा धंदा करता येत नाही. मात्र सामाजिक किंवा धर्मादाय स्वरूपाचं मानसेवी, म्हणजे विनावेतन, काम आणि साहित्य, कला, विज्ञान यांतलं प्रासंगिक काम चालतं. अट एवढीच की कार्यालयीन कामात खोट येता कामा नये आणि थांबा म्हटलं की थांबायचं. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या १९६४च्या वर्तणूक नियमांतला पंधरावा नियमही साधारण हेच म्हणतो. पण दर रविवारी पाकीट घेऊन केलेलं काम "प्रासंगिक" कसं, ते मला खुलाशात काही केल्या मांडता येईना. समज देऊन प्रकरण मिटलं. नशीब.

तेव्हापासून मी एक पानी अर्ज करते. संस्था कोणती, वार कोणते, वेळ काय, काम काय ("वस्तूंची नोंद व वर्णनलेखन") आणि ठळक अक्षरात "विनामोबदला". आस्थापना शाखेत देते, माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेते. साहेब बदलले की पुन्हा नवा अर्ज. नियमात बसतंय तर कशाला, म्हणून लोक हसतात. हसोत. माझे आत्तापर्यंत चार साहेब बदललेत. आणि अर्जात "करिअर" हा शब्द घालू नका. वाचणारा पहिला प्रश्न विचारतो, मग राजीनामा कधी?

वेळच मिळत नाही म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. राज्याच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२०पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, एवढं फक्त सांगते.

जिथे तुमचं कार्यालय अनुदान देतं किंवा तपासणीला जातं, त्या संस्थेत काम मागू नका. आणि संग्रहालयाच्या दारात सरकारी ओळखपत्र तर काढूच नका.

हात शिवशिवणे

एक हुशार मुलगा आमच्या संग्रहालयात येऊ लागला. तिसऱ्याच शनिवारी आम्ही जेवायला गेलो असताना त्याने वाड्यातून आलेली एक पितळी समई चिंच-मीठ लावून लख्ख केली. आम्हाला खूश करायचं होतं त्याला. वातीच्या जागची काजळी गेली, नाव घातलं होतं त्या खाचांतलं जुनं कुंकू गेलं, वर्षानुवर्षं धरलेला रंग गेला. ही समई कुणाच्या तरी देवघरात खरोखर तेवत होती, याचा तोच तर पुरावा होता. वर मिठातलं क्लोराइड धातूच्या बारीक छिद्रांत राहिलं आणि पावसाळ्यात हिरवट डाग उमटले. कुणी रागावलं नाही, पण तो पुन्हा आला नाही. चूक अर्धी माझीही. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आता नव्या माणसाला मी महिनाभर वस्तूला हात लावू देत नाही. समोर बसायचं आणि पेन्सिलीने लिहायचं: उंची, रुंदी, वजन, धातू, कुठे चीर, कुठे डाग, कुठे जोडकाम. बॉलपेन टेबलावरसुद्धा नको. उचलायची पाळी आली की दोन्ही हातांनी, कान किंवा कडी धरून नाही. धातूला नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे. जुन्या कागदाला मात्र धुऊन कोरडे केलेले हातच बरे, मोज्यात पानाचा अंदाज येत नाही आणि कोपरा फाटतो. वस्तूवर क्रमांक घालायचा तर आधी ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा पातळ थर, त्यावर शाईने बारीक आकडे, वर पुन्हा थर, म्हणजे उद्या काढता येतो. स्टिकर आणि सेलोटेपवाल्यांविषयी मी बोलतच नाही.

सगळ्यांना थेट क्युरेटर (संग्रह सांभाळणारा तज्ज्ञ) व्हायचं असतं. मी म्हणते, घरातल्या दहा वस्तू घ्या, आजीच्या अडकित्त्यापासून सुरू करा, दहा नोंदी लिहून आणा. मग देशातल्या संग्रहालयांतल्या वस्तूंच्या "म्युझियम्स ऑफ इंडिया" या सरकारी पोर्टलवरच्या नोंदींशी ताडून बघा. ते ज्या "जतन" या संगणक प्रणालीवर चालतं ती इथेच पुण्यात, सी-डॅक या केंद्राच्या संगणक संशोधन संस्थेत तयार झाली. हेही बहुतेकांना माहीत नसतं. दहा नोंदी आणणारे फार थोडे. बाकीचे प्रमाणपत्र कधी मिळेल ते विचारतात.

बुधवार-रविवारी जुन्या बाजारातून वस्तू आणून ऑनलाइन विकणं हा अनुभव नाही, धंदा आहे. पुरावशेषांविषयीच्या १९७२च्या केंद्रीय कायद्याने शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावशेष ठरते (हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात), आणि तिच्या व्यापाराला परवाना लागतो.

भांडारातल्या वस्तूंचे रील नको.

संग्रहालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याआधी कार्यालयाची परवानगी घ्या, नंतर नाही. आणि बडोद्याचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करायचा म्हणून नोंदवहीचं एक पानही न लिहिता राजीनामा देणाऱ्याला मी आधी दोन वर्षं शनिवारी ये म्हणते.

संस्थेकडून पत्र घ्याल तर त्यात "उत्साहाने सहभाग घेतला" नको. किती नोंदी केल्या, कोणत्या प्रकारच्या वस्तू, कोणत्या कालावधीत, हे हवं. तोवर स्वतःची वही ठेवा. माझ्या वहीतली सदतिसावी नोंद चुकलेली आहे: ताम्हन म्हणून लिहिलं, ते पानाच्या डब्यातलं वरचं तबक निघालं. खोडलेलं नाही. शेजारी तारीख घालून दुरुस्ती लिहिली आहे, खाली सही.