मूल आजारी असताना: त्याचा खेळ पाहावा, मग घरची देखभाल ठरवावी

लहान मुलाला ताप आला की घरातल्या सगळ्यांचे लक्ष थर्मामीटरच्या आकड्यावर खिळते. तो आकडा घ्यायलाच हवा, पण मुलाची प्रकृती कशी आहे हे सांगणारी त्याहून भरवशाची खूण म्हणजे मुलाचा खेळ. १०२ अंश फॅरनहाइट ताप असूनही तो जरा उतरताच उठून ठोकळे मागणाऱ्या मुलापेक्षा, अंगात जेमतेम १०१ अंश ताप असताना आवडत्या खेळण्याकडे ढुंकूनही न पाहणारे, कडेवर घेतले तरी मान टाकून पडून राहणारे मूल मला अधिक काळजीचे वाटते. ही खूण ओळखता यावी यासाठी मूल बरे असताना कसे खेळते हे पालकांना नीट ठाऊक असले पाहिजे.

म्हणून रोज थोडा वेळ मुलाच्या खेळात हात न घालता नुसते पाहत बसावे. मूल एका खेळात किती वेळ रमते, पडले की किती लवकर सावरते, दमल्यावर किरकिर करते की आपणहून शांत बसते, या गोष्टी प्रत्येक मुलाच्या वेगळ्या असतात आणि आई-वडिलांइतक्या त्या डॉक्टरांनाही माहीत नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी, २ वर्षे पूर्ण होईपर्यंत टीव्ही-मोबाइलचा पडदा अजिबात दाखवू नये आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना तो दिवसाला १ तासापेक्षा जास्त दाखवू नये. रांगायला न लागलेल्या बाळाला ते जागे असताना, कोणीतरी जवळ बसून, दिवसातून थोडे थोडे करून किमान ३० मिनिटे पालथे ठेवावे. त्याने मान आणि खांदे बळकट होतात.

खेळण्यांबाबत एका गोष्टीवर मी आग्रहाने थांबेन. तीन वर्षांखालील मूल हाती येईल ते तोंडात घालते, त्यामुळे सुटे होणारे छोटे भाग, मणी आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे त्याच्या आसपास नसावेत. चपट्या गोल बटण-सेलचा धोका तर याहून मोठा आहे. रिमोट, खेळणी आणि गाणारी शुभेच्छापत्रे यांत असणारा हा सेल अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या २ तासांत आतली त्वचा गंभीरपणे भाजू शकते. सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे असेल तेवढीच खेळणी घ्यावीत, आणि मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता तडक रुग्णालय गाठावे. एकाहून अधिक लोहचुंबक गिळले गेले असतील तरीही असेच करावे, कारण ते पोटात एकमेकांना खेचतात आणि मधले आतडे चिमटले जाते.

आता तापाकडे वळू. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल तर ताप म्हणावा. ३ महिन्यांच्या आतील बाळाला एवढा ताप असला, तर ते हसत असो वा नसो, ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. खेळावरून अंदाज बांधण्याची रीत या वयाला लागू पडत नाही. त्यापेक्षा मोठ्या मुलाचा ताप हा बहुधा शरीराने संसर्गाशी लढण्यासाठी वाढवलेली उष्णता असते, आणि औषध द्यायचे ते मुलाला बरे वाटावे म्हणून. ताप असूनही मूल खेळत, पीत आणि झोपत असेल, तर औषधाची घाई करण्याचे कारण नाही, आणि औषधासाठी झोपलेल्या मुलाला उठवण्याचेही नाही. गार पाण्याच्या पट्ट्यांनी हुडहुडी भरते आणि मूल आणखी हैराण होते. त्यापेक्षा पातळ सुती कपडे, खेळती हवा आणि वरचेवर घोट घोट पाणी यांचा उपयोग होतो. बाळ अंगावर पीत असेल तर अधिक वेळा पाजावे.

पॅरासिटामॉलचे प्रमाण वयावर नव्हे तर वजनावर ठरते. ते एका वेळी दर किलोमागे जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम असते, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचे अंतर लागते आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त डोस देऊ नयेत. नेमकी चूक इथेच होते. समजा, मुलाचे वजन १२ किलो आहे. त्याला एका वेळी १८० मिलिग्रॅमपर्यंत औषध चालते. बाटलीवर ‘५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम’ असे लिहिले असेल, तर ते ७.५ मिलिलिटर भरते. पण ‘५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम’ असे असेल, तर ३.६ मिलिलिटरच पुरते. दुसऱ्या बाटलीतून सवयीने ७.५ मिलिलिटर दिले, तर मुलाच्या पोटात दुपटीहून अधिक औषध जाते. थेंबांच्या बाटलीतले औषध तर सिरपहून बरेच तीव्र असते. म्हणून दर वेळी लेबल वाचावे, घरातला चमचा न वापरता खुणांच्या सिरिंजने मोजावे, आणि डोस दिल्याची वेळ कागदावर लिहून तो सर्वांना दिसेल असा लावावा, म्हणजे एकाने दिलेले औषध दुसरा पुन्हा देणार नाही. अॅस्पिरिन मुलांना देऊ नये. त्यामुळे यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा रे सिंड्रोम हा दुर्मिळ पण घातक विकार होऊ शकतो.

औषधानंतर तासाभराने मूल कसे आहे ते पाहावे. ताप पूर्ण उतरला नसला तरी ते खेळण्याकडे वळले, तर घरी थांबायला हरकत नाही. ताप उतरूनही ते पेंगत राहिले, ओळखीच्या माणसाकडे बघेना, सतत कण्हू लागले, मान ताठ झाली, किंवा अंगावर उमटलेले लालसर-जांभळे ठिपके काच दाबून धरली तरी फिके होईनात, तर मात्र वेळ न दवडता रुग्णालयात जावे. तापात आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. आकडी ५ मिनिटांहून लांबली, तर तातडीची वैद्यकीय मदत मागवावी; ती लवकर थांबली तरी पहिल्या वेळी डॉक्टरांना दाखवावेच.

सर्दी-खोकला लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळाही होऊ शकतो, आणि त्यामुळे मूल अशक्त आहे असे ठरत नाही. साध्या सर्दीचे कारण विषाणू असल्याने अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. चार वर्षांखालील मुलाला खोकल्याचे किंवा सर्दीचे औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. नाक चोंदल्याने बाळ दूध ओढत नसेल, तर पाजण्याआधी सलाईनचे थेंब नाकात घालावेत. एक वर्षावरील मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध दिल्यास खोकला शमतो; एक वर्षाच्या आत मात्र मध चाटवूही नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. खोकल्याच्या आवाजापेक्षा श्वासाकडे लक्ष द्यावे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत: २ महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षे वयात ४० किंवा अधिक श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर ती धोक्याची सूचना आहे.

जुलाब-उलट्यांत खरा धोका असतो तो अंगातले पाणी कमी होण्याचा. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात, पूर्णच्या पूर्ण विरघळवावे. अर्धे पाकीट अंदाजाने टाकू नये, आणि २४ तासांनंतर उरलेले द्रावण फेकून द्यावे. दर जुलाबानंतर २ वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर आणि त्यापेक्षा मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर द्रावण द्यावे. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावे. आईचे दूध आणि नेहमीचे अन्न बंद करू नये. जुलाबांत १० ते १४ दिवस झिंकही दिले जाते, ते डॉक्टरांना विचारून द्यावे. रडताना डोळ्यांत पाणी नसणे, तोंड कोरडे पडणे, सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे किंवा बाळाची टाळू खोल जाणे, शौचातून रक्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे.

आजारपणात मुलाला सक्तीने झोपवून ठेवण्याची गरज नसते. त्याचे शरीर थकले की ते स्वतःच आडवे होते. त्याला दिसेल अशा जागी, घरातल्या वावराजवळ अंथरूण घालावे, आणि एका वेळी दोन-तीनच खेळणी हाताशी ठेवावीत. खेळ त्याच्या नेहमीच्या वयापेक्षा थोडा लहान निवडावा: चार वर्षांचे मूल आजारात दोन वर्षांच्या मुलासारखे साध्या चित्रांत किंवा डबे उघडझाप करण्यात रमते, आणि त्यात चिंतेचे काही नाही. बाहुलीला ताप आला आहे, आपण तिचा ताप पाहू, तिला औषध पाजू, असा खेळ मी आवर्जून सुचवेन. रिकामी सिरिंज मुलाच्या हाती द्यावी आणि बाहुलीच्या तोंडाला आधी त्यालाच लावू द्यावी. औषध पाहताच तोंड घट्ट मिटणारी मुले या खेळानंतर अनेकदा स्वतः तोंड उघडतात. शिवाय बाहुलीला कुठे दुखते असे विचारले की मूल स्वतःचा कान किंवा पोट दाखवते, जे थेट विचारून कळत नाही.

औषधाशिवाय २४ तास ताप आलेला नसेल आणि मूल पूर्वीसारखे खेळत असेल, तेव्हाच त्याला इतर मुलांत पाठवावे. जुलाब-उलट्यांनंतर मात्र ४८ तास थांबावे. तोपर्यंत तोंडात गेलेली खेळणी साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवावीत, कापडी खेळणी धुवायला टाकावीत, आणि खेळण्यापूर्वी व नाक पुसल्यावर २० सेकंद हात धुण्याची सवय मुलाइतकीच घरातल्या मोठ्यांनीही ठेवावी.